शेऱ्याचा रकाना

कॉम्प्युटर जोडून घ्यायचाय, प्रोसेसर कोणता घेऊ, असं अजूनही कुणी कुणी मला विचारतं. इतकी वर्षं शिकवलं म्हणजे मला कळत असणार, असा त्यांचा समज. मी उलट विचारते, "काम काय करायचंय?" विचारणारा गोंधळतो. त्याला आकडा हवा असतो. मग मीही जास्त बोलत नाही, कारण हा प्रश्न मुळात माझा नाही. तो परभणीतल्या माझ्या घरमालकांचा. आणि ज्या एका वेळी त्याचं खरं उत्तर द्यायला हवं होतं, त्या वेळी मी दिलं नाही.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. येलदरीच्या पॉवरहाउसमध्ये सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये काढून ते परभणीत घर बांधून राहिले होते. बायको वारलेली, मुलगी नांदेडला दिलेली. उंच, वाळका माणूस. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात बारा महिने रबरी चप्पल. विजेच्या माणसानं रबराशिवाय जमिनीवर पाय ठेवू नये असं त्यांचं मत होतं आणि ते घरातही पाळायचे. लग्नातल्या फोटोत बाबांची चप्पल तेवढी स्पष्ट आली, असं त्यांची मुलगी सांगायची.

मी चुडाव्याची. पॅसेंजरनं ये-जा करत परभणीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. पुढे स्वतःचा वर्ग काढायचं ठरवलं आणि काकांची पुढची खोली भाड्यानं मागायला गेले. दुसऱ्या कुणी जात विचारली असती, लग्नाचं विचारलं असतं. काकांनी विचारलं, "किती वॅट लागतील तुमाला?"

मी म्हटलं, "दोन ट्यूबलाइट, एक पंखा. टायपरायटरला वीज लागत नाही."

"आज लागत न्हाई," ते म्हणाले, आणि खोली दिली.

घरी माझ्या बाबांनी मात्र विचारलंच, "घरमालक कोन लोक हायेत?" मी म्हटलं, "रिटायर सरकारी नोकर." बाबांना काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं आणि मी काय सांगितलं नाही ते त्यांना कळलं होतं. त्यावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही.

काकांच्या घरातल्या बोळीत भिंतीवर एक व्होल्टमीटर होता. त्याच्याखाली खिळ्याला दोरीनं टांगलेलं रजिस्टर आणि पेन्सिल. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर तासाला ते व्होल्टेज बघून लिहायचे. कुणी बोलत असेल तर हात वर करायचे, "आकडा घेतो," म्हणायचे, आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यात लटकत राहायचं. एकदा त्यांचे व्याही मोठ्या दुःखाची काहीतरी गोष्ट सांगत होते. ऐन रडू येण्याच्या जागी अकरा वाजले. व्याही तोंड उघडं ठेवून थांबले, काका आकडा घेऊन आले, "हां, मग?" म्हणाले. व्याह्यांना मग रडू आलं नाही.

नोकरीत असल्यापासूनची ही सवय. सरकारी लॉगबुक वेगळं आणि हे स्वतःचं वेगळं. ड्यूटीवर असले की तिथला आकडा, क्वार्टरात असले की घरचा. लाल कापडी पाठीची अशी रजिस्टरं माझ्या खोलीतल्या बाकांखाली ओळीनं रचलेली होती. ती तिथंच राहतील ही भाड्याची एकमेव अट. प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, वेळ, व्होल्टेज, शेरा.

शेऱ्याच्या रकान्यात काहीही असायचं. 'पाहुणे आले, चहा पुरला नाही.' 'मुलगी गणितात पास.' 'गुडघा.' नुसतंच 'गुडघा.' मी एकदा हसून विचारलं, "काका, व्होल्टेजचा आणि गुडघ्याचा काय संबंध?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "आकडा कुनीबी घेईल बाई. शेरा ज्याचा त्यालाच लिहावा लागतो."

ब्याण्णवच्या सुमाराला परभणीत कॉम्प्युटरचे वर्ग निघायला लागले. माझ्या टायपिंगच्या पोरी गळायला लागल्या तशी मीही एक कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. तयार कंपनीचा परवडण्यातला नव्हता; सुटे भाग निवडून औरंगाबादच्या एका दुकानातून जोडून घ्यायचा होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काकांनाही नव्हतं. पण त्यांनी कुठून कुठून इंग्रजी पुस्तकं आणली, डिक्शनरी शेजारी घेतली आणि दोन महिने ते त्यात बुडाले. फक्त तासातासाला वर यायचे.

त्यांचा मार्ग उलटा होता. सगळे प्रोसेसरपासून सुरुवात करतात, काकांनी जमिनीपासून केली. अंगणात कंबरभर खड्डा खणवला, त्यात तांब्याची पट्टी घातली, कोळसा आणि खडे मीठ थरावर थर भरलं आणि अर्थिंग करून घेतलं. उन्हाळ्यात तो खड्डा ओला राहावा म्हणून ते रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालायचे. नळाला पाच दिवसांनी पाणी यायचं, शेजारच्या बायका डोक्याला हात लावायच्या. एकीनं विचारलं, "काका, तितं काय उगवायचंय?" काका म्हणाले, "उगवायला न्हाई, काई जळू नये मनून घालायलोय."

मग स्टॅबिलायझर. मग कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय. त्यावर त्यांनी एक आठवडा घालवला. एवढं झाल्यावर प्रोसेसर. त्या वेळी थ्री-एटी-सिक्स सगळीकडे होता आणि फोर-एटी-सिक्स नव्यानं गावात शिरत होता. स्टेशन रोडच्या वर्गानं पाटीवर नावापेक्षा मोठ्या अक्षरात ४८६ लिहून घेतलं होतं. पोरींचे बाप माझ्याकडे येऊन आधी विचारायचे, "तुमचा तीनशे शहाऐंशी का चारशे शहाऐंशी?" जसे काही ते मार्क होते.

मी काकांना म्हटलं, "आपणही चारशे शहाऐंशीच घेऊ."

"नाव नका सांगू, काम सांगा. काय करायचंय तुमाला?"

"टायपिंग शिकवायचंय. थोडे हिशेब, तक्ते."

"मग इतकं मोठं टर्बाइन कशाला? पोरी बटन दाबतील, ते एका क्षणात काम करंल आन् पुढल्या बटनाची वाट बघत बसंल. तीनशे शहाऐंशी घ्या तसल्लीनं. वाचंल त्यात मेमरी दुप्पट घ्या. मेमरी म्हंजे पानी. धरनात पानी नसंल तर टर्बाइन नुसतं दाखवायला."

मग त्यांनी यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं 'मराठी कार्ड' लिहिलं होतं. त्या काळात साध्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मराठी अक्षर येत नसे. त्यासाठी एक वेगळं कार्ड मिळायचं, ते आतल्या बोर्डाच्या खाचेत बसवावं लागायचं, आणि ते स्वस्त नव्हतं. मी म्हटलं, "काका, मराठी कोण शिकायला येतंय? सगळ्यांना इंग्रजीच पाहिजे."

ते थोडे अवघडले. एवढ्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच. म्हणाले, "माझं एक काम हाय. ही रजिस्टरं उतरवायची व्हती. कागद किती दिवस टिकंल? बाकी यादी तुमची. ही एक ओळ माझी समजा."

मी हो म्हटलं.

यादी पर्समध्ये घालून मी एकटीच औरंगाबादला गेले. काका येणार होते, पण दिवसभराचे आकडे बुडाले असते. दुकानदार मोठा गोड माणूस होता. त्यानं थंड पेय मागवलं, यादी वाचली आणि म्हणाला, "मॅडम, वर्ष-दोन वर्षांत हे जुनं होईल. तुमच्या गावात दुसऱ्याकडे काय आहे?" मी सांगितलं. तो नुसता मान हलवत राहिला. मराठी कार्ड काढलं आणि मेमरी अर्धी केली, तर तेवढ्यातच चारशे शहाऐंशी बसत होता. मला स्टेशन रोडची पाटी दिसत होती. त्या दुकानात बसून मी कामाचा विचार केला नाही, फक्त पाटीचा केला. पॉवर सप्लाय तेवढा यादीप्रमाणे घेतला, कारण त्याबद्दल काकांनी पहिल्याच दिवशी झडती घेतली असती.

कॉम्प्युटर आला तेव्हा काका स्वच्छ दाढी करून हजर होते. जोडणाऱ्या माणसानं बटण दाबलं. पडद्यावर मेमरीचे आकडे भराभर मोजले जाऊन थांबले. पोरी टाळ्या वाजवत होत्या. आकडा घेण्यात आयुष्य गेलेला माणूस पडद्याकडे बघत म्हणाला, "दोन हजार अठ्ठेचाळीसवर थांबलं. आपलं चार हजार शहाण्णव ठरलं व्हतं."

मी सांगितलं, काय बदललं ते. घाईघाईत, जसं काही ते दुकानातच ठरून गेलं होतं.

"आन् मराठी कार्ड?"

"ते मागाहून येणार आहे. सध्या त्यांच्याकडे शिल्लक नव्हतं."

किती सहज बोलले मी ते. काका "बरं" म्हणाले आणि बोळीत जाऊन त्यांनी आकडा घेतला. माझी पाटी दुसऱ्याच दिवशी रंगून आली.

पोरी वाढल्या. काकांचं खोटं ठरलं असं मला काही दिवस वाटलं. खरं म्हणजे तो प्रोसेसर माझ्याकडे सहा वर्षं पोरींच्या पुढच्या बटणाची वाट बघत बसला, दुसरं त्याला काही काम मी दिलं नाही. पण काकांनी कधी टोमणा मारला नाही. मधूनमधून विचारायचे, "काम कधी सुरू करायचं?" शेवटी मला एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झाले. पोरींना आकड्यांच्या ओळीचा सराव लागतोच. मग काकांची रजिस्टरंच का देऊ नयेत? प्रत्येकीला एक रजिस्टर. तारीख, वेळ, व्होल्टेज भरायचं.

"बाई, आन् शेरा?" एकीनं विचारलं.

"शेरा सोडा. ते कार्ड आल्यावर नंतर भरू."

"इंग्रजी अक्षरांत लिहू का मराठी?"

"नको, वेळ जाईल."

ती अठ्ठ्याहत्तरचं रजिस्टर भरत होती. थोड्या वेळानं पुन्हा उठून आली. एका पानावर शेरा रकान्यात मावला नव्हता. आकड्यांवरून आडवा, मग समासातून उभा, असं सगळं पान भरून लिहिलेलं होतं. पेन्सिल इतकी दाबलेली की कागद मागून उठला होता. "बाई, ह्याचं काय करू? आकडे दिसायले नाहीत." मी पान उजेडाला तिरपं धरून तिला आकडे वाचून दाखवले. दोनशे एकवीस, दोनशे एकोणीस, दोनशे एकवीस. अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर होती. मी त्यातलं एकही वाक्य वाचलं नाही.

चार महिन्यांत आकडे संपले. काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे नांदेडला निघाले होते. पिशवी हातात घेऊन दारात थांबले. "बाई, समदं उतरलं का कॉम्प्युटरमदी?"

त्यांच्या 'समदं'मध्ये काय काय होतं ते मला कळत होतं. कार्ड आलंच असणार, असं ते धरून चालले होते. तेही मला कळत होतं. मी मनाशी म्हटलं, त्यांना आकडे म्हणायचंय.

"हो काका, सगळं."

"मग आलो की कागदाचं काय ते बघू."

ते गेले आणि बाकाखाली वाळवी निघाली. खालची दोन रजिस्टरं तिनं पोखरली होती. पोरींनी आरडाओरडा केला. मलाही नवी बाकं टाकायला जागा हवी होती. दारावरून रद्दीवाला चालला होता. मी त्याला हाक मारली. वाळवी लागलेली दोन आणि चांगली होती ती सगळी. मी काकांचं एक काम परस्पर उरकलं, असंच मला त्या वेळी वाटलं.

काका डोळ्याला हिरवी पट्टी लावून परत आले. मोकळी झालेली भिंत एका डोळ्यानं बघत उभे राहिले. मी वाळवीचं सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. "हितं हाय ना समदं?"

"हो."

"मग काई न्हाई. कागद किती टिकनार." आणि दहा वाजले म्हणून आकडा घ्यायला गेले.

त्यानंतरच्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. सोळा वर्षांचं भांडण होतं. आमच्याकडे त्याआधीचे काही दिवस गावं धास्तावलेली, रस्त्यावर पोलीस, वर्गाला पोरी नाहीत. घोषणा झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी नऊ वाजता काका खोलीत आले. धुतलेला पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

"बाई, अठ्ठ्याहत्तर उघडा. पावसाळ्यातलं. ठरावानंतरचा आठवडा."

मला तोपर्यंतही काही कळलं नव्हतं. मी विचारलं, "काय बघायचंय?"

काका असं सलग कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. "तवा मी येलदरीला ड्यूटीवर. नाव बदलायचा ठराव झाला आन् गावोगाव आमच्या लोकायची घरं जाळायला लागले. बस बंद. माझा बदली मानूस आलाच न्हाई. दोन दिवस, दोन राती मी त्या पॅनलसमोर. गावाकडं माय आन् धाकला भाऊ. वस्ती जाळली मनून खबर आली, खरी का खोटी कळंना. पॉवरहाउसला फोन व्हता, पर आमच्या वस्तीत कुठला फोन? उठून जावं, तर मशीन कुनाच्या भरवशावर सोडावं? मग दर तासाला आकडा लिहिला, आन् शेजारी जे मनात यायलं ते लिहिलं. कुनालाच बोललो न्हवतो, त्याच्यातच बोललो. काय लिहिलं ते आता मला आठवत न्हाई. मायला जिती बघितली आन् समदं इसरून गेलो. धाकला हैद्राबादकडं निघून गेला, परत आला न्हाई. लय दिवस ते पान उघडायची हिंमत न्हवती. आज वाचावं वाटायलंय. डोळ्याला अजून बारीक दिसत न्हाई. तुमी वाचून दाखवा."

मी फाइल उघडली. खाली सरकवत सरकवत त्या आठवड्यापर्यंत नेली. तारीख, वेळ, व्होल्टेज. आकड्यांचे तीन सरळ, स्वच्छ रकाने. चौथा नव्हताच.

मी म्हटलं, "काका, शेरा नाही भरला."

"म्हंजे?"

"कार्ड कधी आलंच नाही. मी घेतलंच नव्हतं. नंतर भरू म्हटलं, आणि मग मी रजिस्टरं…"

ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. नाक लागेल इतके. बराच वेळ आकडे वाचत होते.

"रात्री दोनला किती?"

"दोनशे एकवीस."

"तीनला?"

"दोनशे एकोणीस. चारला दोनशे एकवीस."

"म्हंजे लाइट गेली न्हवती," काका म्हणाले. "चालू ठेवली व्हती आमी."

मला रडू फुटलं. मी वही ओढली, म्हटलं, "काका, तुम्ही आत्ता सांगा, जे आठवेल ते, मी एकेक शब्द लिहून घेते. पाहिजे तर उद्याच औरंगाबादला जाऊन कार्ड आणते."

त्यांनी माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. "आता सांगितलं तर ते आजचं व्हईल, बाई. ते तवाचं व्हतं." मग घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून गेले होते. घरात असून त्यांचा आकडा चुकला, असं मी वर्ग काढल्यापासून पहिल्यांदाच झालं होतं.

त्या गल्लीतल्या, बाजारातल्या, सगळ्या रद्दीवाल्यांकडे मी फिरले. एकानं रद्दीच्या कागदी पिशव्यांची थप्पी दाखवली, तीत लाल पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, पण तो दुसऱ्याच कुणाच्या वहीचा निघाला. पुढच्या महिन्यात मी मराठी कार्ड आणून बसवलं. काकांनी खाच बघितली, "नीट बसलंय" म्हणाले. त्यावर पोरींनी लग्नपत्रिका टाइप केल्या, अर्ज केले. काका माझ्याशी आधीसारखेच वागत राहिले, अर्थिंगला पाणी घालत राहिले, आणि मला त्यांनी कधी बोल लावला नाही. लावला असता तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनही मला त्यांचा थोडा राग यायचा. असला राग यायला मी कोण होते, ते मला आज कळतं.

काका गेल्यावर त्यांच्या मुलीनं बोळीतली शेवटची रजिस्टरं मला आणून दिली. "बाबांचा तुमच्यावर लय जीव होता, तुम्हीच ठेवा," म्हणाली. मी ती पहिल्या पानापासून वाचली. कॉम्प्युटर आला त्या दिवशी, '२१४. बाईंचं मशीन आलं. बाई लय खूश.' नांदेडहून आले त्या दिवशी, '२०८. रजिस्टरं सुखरूप उतरली. वाळवीतून वाचली.' मग ती जानेवारी. त्या सकाळी नऊचा आकडा आहे, दहाचा नाही. अकराच्या आकड्यापुढे लिहिलंय, 'बाईंना काही बोललो नाही.'

त्यापुढे तीन वर्षांचे आकडे आहेत, दर तासाचे, एकही न चुकवता घेतलेले. शेऱ्याचा रकाना शेवटच्या पानापर्यंत कोरा आहे.